माझ्या शिंकेने गेलेला घोडा

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (म्हणजे कंबर जितकी परवानगी देते तितकं वाकून). तुझा गुडघा आता जिना चढतो का, भावोजींचा नवा चष्मा सापडला का, आणि तो शोधायला ते जुना चष्मा लावतात की तसेच चाचपडतात, हे कळव. इकडे सगळं ठीक. माझी साखर, माझा रक्तदाब आणि माझा स्वभाव तिन्ही जिथल्या तिथे आहेत, असं डॉक्टर म्हणतात. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणतेस आणि मागून भावोजी हसतात. पत्रात ती सोय नाही. म्हणून झाला प्रकार शांतपणे, पहिल्यापासून लिहितो आहे. एवढीच विनंती, की ओळीने वाच. पान उलटून आधी शेवट बघायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

तर विषय तुझ्या नातीचा. आपली मुंगी कमी बोलते असं आपण सगळे समजत होतो. ते साफ चूक आहे. ती भरपूर बोलते, फक्त ऐकू येत नाही. शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा हे उघडकीला आलं. चिठ्ठीत विचारलं होतं की आपली मुलगी गेले तेवीस दिवस गैरहजर आहे, प्रकृती बरी आहे ना? आता तुझी सून तिला रोज स्वतः वर्गाच्या दारात सोडून येते. ती तडक शाळेत गेली. तेव्हा असं निघालं की मुंगी पहिल्या बाकावर बसून रोज "हजर" म्हणते, पण ते बाईंच्या टेबलापर्यंत पोचत नाही, आणि बाई मान वर न करता फुली मारतात. (एके दिवशी बाईंनी तिच्याकडून फळा पुसून घेतला होता. त्या दिवशीही ती गैरहजर आहे.) मुख्याध्यापिका म्हणाल्या, चूक आमचीही असेल, पण नोंदवही ती नोंदवही. असंच चाललं तर तिला परीक्षेला बसता येणार नाही आणि वर्ष जाईल. त्या दिवशी तुझा मुलगा आणि सून दोघंही तोंड पाडून बसले होते आणि मुंगी कोपऱ्यात काहीतरी म्हणत होती. काय म्हणत होती ते कोणालाच कळलं नाही. तू तेव्हा मला फोनवर म्हणालीस की तू निवृत्त माणूस, दिवसभर घरी काय करतोस, त्या पोरीला कुठेतरी घेऊन जा. ताई, तुझा शब्द मी कधी मोडला आहे का? (मोडला असेल ती यादी पाठवू नकोस.)

दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो, तिथे भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसला. निवृत्त घोड्यांच्या सहवासातून मुलांसाठी जीवनकौशल्ये आणि आत्मविश्वास, वय आठ ते बारा, दहा रविवार. मला आधी घोड्यांचा हेवाच वाटला. मी चौतीस वर्षं वजन-मापे खात्यात काढली, शहरातल्या प्रत्येक तराजूचा काटा मला घाबरायचा, पण निवृत्त झाल्यावर माझ्याकडून कोणाला एखादं कौशल्य शिकावंसं वाटलं नाही. घोड्यांना मात्र लगेच दुसरी नोकरी. तरी मनातलं बाजूला ठेवून रविवारी मुंगीला घेऊन गेलो.

तबेला शहराच्या टोकाला आहे. लांबट, पत्र्याचा, आत सात घोडे. चालवतो एक म्हातारा जॉकी, उंची माझ्या खांद्याला, वजन फार तर पंचेचाळीस किलो (हा माझा अंदाज, आणि माझा अंदाज अर्ध्या किलोच्या वर चुकत नाही). सगळे त्याला जॉकीकाका म्हणतात. हा गृहस्थ घोड्यांना अहो-जाहो करतो आणि माणसांना अरे-तुरे. मला म्हणाला, तू नाव लिही आणि बाहेर बस. मी बाहेर बसायला निघालो, पण मुंगीने माझं बोट धरलं होतं ते सोडेना. जॉकीकाकाने दोघांकडे पाहिलं, यादी पाहिली, आणि म्हणाला की आठ मुलांची तुकडी असते, आज सातच आली आहेत. अशा रीतीने ताई, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी वय आठ ते बारा या गटात दाखल झालो. मला पिवळं हेल्मेट मिळालं. ते डोक्यावर बसत नव्हतं, डोक्यावर ठेवावं लागत होतं. छातीवर एक चिठ्ठी लावली, तिच्यावर "माझं नाव" याच्यापुढे मोकळी जागा होती. मुंगीने तिथे "मामाआजोबा" लिहिलं. तेव्हापासून तिथली सगळी मुलं, जॉकीकाका आणि दातांचे डॉक्टर (त्यांचा मुलगाही तुकडीत आहे) मला मामाआजोबाच म्हणतात.

पहिला धडा म्हणजे घोड्याजवळ नुसतं उभं राहणं. घोड्याला आपली भीती कळते, म्हणून आधी आपण शांत व्हायचं, असं जॉकीकाकाने सांगितलं. मी भीती कळू नये म्हणून सहज शीळ घातली. माझ्यासमोर जो उभा होता तो पोलिसातून निवृत्त झालेला, नाव हवालदार. शिट्टी ऐकल्याबरोबर तो तबेल्याच्या दारात जाऊन आडवा उभा राहिला आणि वाहतूक बंद केली. वीस मिनिटं त्याने कोणाला आत येऊ दिलं नाही की बाहेर जाऊ दिलं नाही. दूध घेऊन आलेल्या सायकलवाल्याला त्याने परत पाठवलं. शेवटी जॉकीकाकाने त्याला सलाम केला तेव्हा तो बाजूला झाला. माझ्या प्रगतिपुस्तकात त्या दिवशी "संयम" या रकान्यात एक उदास चेहरा काढला गेला. (प्रगतिपुस्तक मुलं एकमेकांचं भरतात. माझं एक दहा वर्षांची मुलगी भरत होती. इतका कडक अधिकारी मी खात्यातही पाहिला नाही.)

दुसऱ्या रविवारी घोडे वाटून दिले. मुंगीच्या वाट्याला, आणि तिच्या बोटाला मी असल्यामुळे माझ्याही वाट्याला, अमर आला. पांढरा, उंच, पापण्या लांब. सिनेमातून निवृत्त. जॉकीकाका एवढंच म्हणाला की हे फार मोठे कलावंत आहेत, कानाने जरा कमी आहेत, यांच्याजवळ धाडधाड आवाज करायचा नाही. मुंगीला तो बघताक्षणी आवडला. ती त्याच्या नाकाशी तोंड नेऊन बोलायला लागली, आणि त्याला ऐकू येत नसल्यामुळे आणि तिचं ऐकू जात नसल्यामुळे दोघांचं उत्तम जमलं.

मी त्याच्या पाठीवर ब्रश फिरवत होतो. ब्रशमधून धूळ उडाली. पुढचं तुला सांगायला नको, माझी शिंक तुला माहीत आहे. (तुझ्या लग्नात माझ्या शिंकेने फोटोग्राफर स्टुलावरून पडला होता, तो फोटो अजून अल्बममध्ये आहे.) मी शिंकलो, आणि अमर मेला.

ताई, मी अतिशयोक्ती करत नाही. त्याने डोळे फिरवले, पुढचे गुडघे टेकले, एकदा मान आकाशाकडे उचलून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती नजर मी जन्मात विसरणार नाही, आणि चारशे तीस किलोचा तो देह कुशीवर कोसळला. चारी पाय सरळ झाले. जीभ बाहेर आली. मी चौतीस वर्षांत कोणाचं पाच ग्रॅमचं नुकसान केलं नाही, आणि एका शिंकेत जीव घेतला. मी मुंगीला उचललं आणि धावत सुटलो. बसमध्ये बसेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. मुंगी माझी बाही ओढून सारखं काहीतरी सांगत होती. माझा डावा कान तुला माहीत आहे, आणि ती डावीकडेच बसली होती. खूप वेळाने मला एवढं ऐकू आलं की "घोडा सुटला". मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, हो बाळ, सुटला बिचारा.

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. जेवण जात नव्हतं. शिंक आली की उशीत तोंड खुपसायचो. मुंगी रोज संध्याकाळी यायची, रोज तेच वाक्य म्हणायची, आणि मला वाटायचं केवढं मोठं मन आहे या लेकराचं, आपल्यालाच धीर देते आहे. शेवटी मी जॉकीकाकाला उद्देशून दोन पानी शोकपत्र लिहिलं, त्यात कलाक्षेत्राची हानी वगैरे घातलं, फुलं घेतली, आणि रविवारी मान खाली घालून तबेल्यात गेलो. तर अमरच्या जागी हुबेहूब तसाच एक घोडा उभा राहून गवत खात होता. मला भरून आलं. मी समजलो हा त्याचा भाऊ. मी त्याच्यापुढे उभा राहून हेल्मेट काढलं आणि शोकपत्र वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानाच्या मध्यावर त्याने फुलं खाल्ली. दुसऱ्या पानावर मागून जॉकीकाका आला आणि विचारू लागला की हे काय चाललं आहे.

मग उलगडा झाला. अमरने आयुष्यभर सिनेमात एकच काम केलं होतं. बंदूक उडाली की मरायचं. अठ्ठावन्न सिनेमांत तो मेला आहे, म्हणूनच त्याचं नाव अमर ठेवलं आहे. मोठा आवाज झाला की तो आजही मरतो, आणि कोणीतरी जोरात "कट" म्हणेपर्यंत उठत नाही. त्या दिवशी मी पळाल्यावर जॉकीकाकाने कट म्हटलं होतं आणि तो लगेच उठला होता. मुंगीने ते बसस्टॉपकडे जाताना माझ्या खांद्यावरून पाहिलं होतं. ती आठवडाभर मला सांगत होती, "घोडा उठला."

त्या वेळी मुंगीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाईंनी फुली मारल्यावर ती जशी पाहत असेल तशी. ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला म्हटलं की यापुढे तू माझ्या उजवीकडे बस. तिने मान हलवली, पण मला कळलं की हा काही उपाय नव्हे. सगळ्या जगाने आपला उजवा कान तिच्याकडे करून बसायचं, हे किती दिवस चालणार?

पुढचे सात रविवार मी बरंच काही शिकलो. मदत मागायला शिकलो, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकलो (यात दोनदा नापास झालो), नाही म्हणायला मात्र अजून येत नाही. मुंगी अमरला नाकाला धरून मैदानभर फिरवायची. तिने हात वर केला की तो थांबायचा, खाली केला की चालायचा. तोंडातून शब्द काढायची गरजच पडायची नाही. जॉकीकाका काळजीत होता. शेवटच्या रविवारी पालकांसमोर प्रत्येक मुलाने घोड्याला मोठ्याने नावाने हाक मारून जवळ बोलवायचं असतं. मुंगीच्या ओठांवर अमर दिसायचा, पण ऐकू यायचा नाही.

शेवटच्या रविवारी खुर्च्या मांडल्या होत्या, माईक होता, आणि प्रमुख पाहुणे म्हणून शिक्षण खात्याचे एक साहेब आले होते. ते आत्मविश्वासावर कागद बघून बोलत होते. माझ्या घड्याळाप्रमाणे एकेचाळीस मिनिटं झाली होती. जॉकीकाकाचा घसा त्या दिवशी सर्दीने पूर्ण बसला होता, तो खुणांनीच सगळं सांगत होता. आम्ही आठजण आपापले घोडे घेऊन फाटकापाशी रांगेत होतो. माझ्या बाजूला गवताच्या पेंढ्यांचा ढीग, आणि वारा माझ्याकडे. मी नाक धरलं, मनातल्या मनात पाढे म्हटले, सतरा साते पर्यंत पोचलो, आणि शिंकलो.

अमर मेला, आणि असा मेला की मी आयुष्यात तसं मरण पाहिलं नाही. समोर इतके प्रेक्षक बघून त्याने जीव ओतला. नेमका फाटकात आडवा पडला आणि पडताना माझ्या कोटाचं टोक खाली घेतलं. एकच गोंधळ उडाला. मुलं रडायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी पुढे होऊन घोड्याचा पाय हातात घेतला, नाडी पाहिली आणि मान हलवली. (त्यांच्याकडे मी आता दाढ दाखवायला जाणार नाही.) साहेब कागदातून डोकं वर न काढता बोलतच होते. मला कट म्हणायचं होतं, पण माझ्या शिंका कधी एकट्या येत नाहीत. मी "क" म्हणायचो आणि पुढे शिंक निघायची. जॉकीकाका दोन्ही हात हलवत ओठ उघडत होता, आतून नुसती हवा. तेवढ्यात एका धिप्पाड वडिलांनी दोर आणला. म्हणाले, रस्ता बंद झाला आहे, ओढून बाजूला करू. त्यांनी अमरच्या मागच्या पायांना फास घातला आणि आणखी तिघांना बोलावलं. बावीस वर्षांच्या घोड्याचे ते पाय. जॉकीकाकाचा चेहरा पांढराफटक पडला. तो दोराला लोंबकळला, पण पंचेचाळीस किलो म्हणजे किती? तो दोरासकट उचलला गेला.

मुंगी म्हणाली, "कट."

मला तिचे ओठ हललेले दिसले, म्हणून कळलं. तिने आजूबाजूला पाहिलं. कोणाचंच लक्ष नव्हतं. ती परत म्हणाली. या वेळी तिच्या शेजारच्या मुलाने वळून पाहिलं. चौघांनी दोर ताणला. मग ताई, आपली मुंगी त्या पेंढ्यांच्या ढिगावर चढली, मुठी आवळल्या, लालबुंद झाली, आणि तिने जे "कट" म्हटलं ते पत्र्यावरून घुमून परत आलं.

अमर उठला. अंग झटकलं आणि लवून नमस्कार केला. चौघं वडील दोरासकट मागच्या मागे बसले. आणि साहेब एका वाक्याच्या मध्यावर थांबले, सगळ्यांकडे पाहिलं, "धन्यवाद" म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यांच्या बसण्यालाच पडल्या (टाळ्यांनी अमर पुन्हा पडला, पण आता काळजी नव्हती). मुंगी ढिगावरून उतरली, दोर धरलेल्या वडिलांपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यांना ओढायचं नाही. ते मेले नव्हते. ते काम करत होते."

त्या धिप्पाड माणसाने तिची माफी मागितली. तुझी सून रडत होती, तुझा मुलगा चष्मा पुसत होता, आणि जॉकीकाका माझ्या कोटाच्या बाहीला नाक पुसत होता. मी काय करत होतो ते महत्त्वाचं नाही. सोमवारी शाळेत मुंगी "हजर" म्हणाली तेव्हा बाईंच्या हातून पेन पडलं आणि शेजारच्या वर्गातली दोन मुलंही हजर म्हणाली. मुख्याध्यापिकांनी त्या तेवीस आणि त्यानंतरच्याही सगळ्या फुल्या स्वतः खोडल्या, प्रत्येकीशेजारी सही केली. परीक्षेचा प्रश्न मिटला. आता एवढंच की ती गप्प बसत नाही, पण त्याची तक्रार करणारा मी कोण?

तर अशी सगळी खुशाली आहे. भावोजींना नमस्कार सांग. थंडीत गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. विसरण्याआधी एक बारीकशी गोष्ट. तबेल्याचा पत्रा बदलायचा आहे, त्यामुळे घोड्यांना दोन महिने दुसरीकडे ठेवावं लागणार आहे. पालक हवेत, कोण तयार आहे, असं जॉकीकाकाने विचारलं, आणि "पुढाकार घेणे" या रकान्यात माझा एकही हसरा चेहरा नव्हता, म्हणून माझा हात वर गेला. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टची क्षमता दोनशे बहात्तर किलो. मी हिशेब करून पाहिला, घोडा दोन खेपांत येऊ शकत नाही. तुमच्या परसात भावोजींची गाडी ठेवायची शेड आहे. ती गाडी सहा वर्षं सुरू झालेली नाही, तर ती बाहेर उभी राहिली काय आणि आत काय. अमर गुरुवारी ट्रकने येईल.

ता. क. २. दोन महिने हा अंदाज आहे. माझे वजनाचे अंदाज चुकत नाहीत, काळाचे चुकतात. भावोजींना हे जेवण झाल्यावर सांग.

ता. क. ३. आजी, मी मुंगी. हे पत्र चार दिवस मामाआजोबांच्या कोटाच्या खिशात होतं, मला आज सापडलं, म्हणून मीच पोस्टात टाकते. मी सगळं वाचलं. घोडा पडायच्या आधी मामाआजोबा पडले होते, दोन्ही वेळा. कोट घोड्याखाली नव्हता, ते स्वतःच त्याच्यावर बसले होते. आणि सगळ्यात जास्त तेच रडत होते. बाकी सगळं बरोबर आहे. आज शुक्रवार आहे. अमर काल निघाले, ते तुझ्याकडे पत्राच्या आधी पोचतील. ट्रकवाल्या काकांना पत्ता मी सांगितला. इंजिन सुरू होतं, तरी एकदाच सांगावा लागला.